न सापडणं हा पुरावा असतो का?

१७ डिसेंबर १९६७, रविवार. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान हॅरल्ड होल्ट मेलबर्नजवळच्या चेव्हियट बीचवर पोहायला उतरले. समुद्र खवळलेला होता. सोबतचे लोक किनाऱ्यावरून बघत असतानाच ते दिसेनासे झाले. होल्ट तेव्हा ५९ वर्षांचे होते. पाणबुडे, हेलिकॉप्टर, नौदल, पोलीस अशी तीनशेहून जास्त माणसं शोधाला लागली. जानेवारी १९६८ च्या सुरुवातीला अधिकृत शोध थांबवला गेला. मृतदेह मिळाला नाही, आजतागायत मिळालेला नाही.

पंतप्रधानच बेपत्ता म्हटल्यावर तर्कांना ऊत येणारच. १९८३ मध्ये एका ब्रिटिश पत्रकाराने अख्खं पुस्तक लिहून दावा केला, की होल्ट चीनचे हेर होते आणि त्यांना चिनी पाणबुडीने उचलून नेलं. असल्या दाव्यांमागचा युक्तिवाद साधारण एकच असतो: ‘बुडाले असते तर सापडले नसते का?’

आजची पोस्ट या एका प्रश्नावर आहे. गंमत म्हणजे हाच प्रश्न निवडणुकांच्या अभ्यासातही जसाच्या तसा येतो. तिथे हरवलेली असते ती एक अख्खी मतदारांची पिढी. पण आधी शोधाचं गणित बघू.

शंभर बोटींचा हिशेब

समजा एक बोट हरवली आहे. आपल्या अंदाजाप्रमाणे ती खाडीत असण्याची शक्यता ६० टक्के आणि बाहेर असण्याची ४० टक्के. आपण खाडी शोधली, बोट दिसली नाही. आता ती खाडीत असण्याची शक्यता किती?

पटकन तोंडात येतं, ‘शून्य! शोधली ना खाडी?’ थांबा. शोध किती चांगला होता, ते आधी विचारायला हवं.

अशा शंभर बोटी डोळ्यांसमोर आणा. ६० खाडीत, ४० बाहेर. शोध चांगला असेल, म्हणजे खाडीत असलेली बोट दिसण्याची शक्यता ८० टक्के असेल, तर ६० पैकी ४८ सापडतील आणि १२ नजरेतून सुटतील. न सापडलेल्या बोटी एकूण ५२, त्यातल्या खाडीत १२. म्हणजे शक्यता ६० वरून २३ टक्क्यांवर आली. आता तोच शोध धुक्यात, अंधारात झाला आणि दिसण्याची शक्यता फक्त २० टक्के होती असं धरा. मग ६० पैकी १२ सापडतील, ४८ सुटतील. न सापडलेल्या ८८, त्यातल्या खाडीत ४८. शक्यता ५५ टक्के. म्हणजे जवळपास होती तिथेच!

दोन्ही वेळा बातमी एकच, ‘सापडली नाही’. अर्थ मात्र पूर्ण वेगळा. संख्याशास्त्रात याला बेझचा नियम म्हणतात. मराठीत सांगायचं तर, न सापडण्याला वजन असतं, पण ते वजन शोधाच्या दर्जावर ठरतं.

हे नुसतं कागदी गणित नाही. १ जून २००९ रोजी रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं विमान २२८ जणांसह अटलांटिक महासागरात कोसळलं. विमानाच्या ब्लॅक बॉक्सवर पाण्यात पडल्यावर आवाज देणारं यंत्र असतं. शोधपथकांनी समुद्रात कान लावला, पण काही ऐकू आलं नाही. मग शेवटच्या ज्ञात ठिकाणाजवळ विमान असण्याची शक्यता कमी धरली गेली आणि शोध इतरत्र वळला. पुढे संख्याशास्त्रज्ञांच्या एका गटाने गणित नव्याने मांडताना विचारलं: ती यंत्रंच बंद पडली असतील तर? तसं धरल्यावर आवाज न येण्याला काही अर्थच उरत नव्हता आणि शक्यतेचा नकाशा पुन्हा शेवटच्या ज्ञात ठिकाणाजवळ आला. एप्रिल २०११ मध्ये तिथे शोध घेतल्यावर आठवड्याभरातच अवशेष मिळाले.

आता होल्ट यांच्याकडे परत येऊ. चेव्हियट बीचवर खडक, जोरदार प्रवाह आणि त्या दिवशीच्या मोठ्या लाटा. अशा पाण्यात बुडालेला माणूस सापडेलच याची खात्री कुणीच देणार नाही. पाणबुडीवाल्यांना आपण मुद्दाम भरपूर सवलत देऊ. समजा अशा हजार प्रसंगांपैकी ९९० मध्ये माणूस बुडतो आणि तब्बल दहामध्ये खरोखर पाणबुडी येते. बुडालेल्यांपैकी निम्मे सापडत नाहीत असं धरलं तर न सापडलेले ४९५, अधिक पाणबुडीचे १०, एकूण ५०५. त्यातले ४९५ म्हणजे ९८ टक्के अजूनही बुडालेलेच. (हे आकडे मी हिशेबासाठी धरले आहेत, कुठल्या नोंदीतले नाहीत.) मृतदेह न मिळाल्यामुळे बुडाल्याची शक्यता ९९ वरून ९८ टक्क्यांवर आली, बस्स.

कायद्याला मात्र हे पचायला वेळ लागला. मृतदेहच नाही तर मृत्यूची रीतसर चौकशी कशी करायची, याची स्पष्ट तरतूद तेव्हा व्हिक्टोरिया राज्यात नव्हती. १९८५ मध्ये कायदा बदलला. त्यानंतर कॉरोनरने, म्हणजे मृत्यूच्या कारणाचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याने, बुडून बेपत्ता झालेल्यांची जुनी प्रकरणं तपासायला घेतली. त्यात होल्ट यांचंही होतं. २००५ मध्ये निष्कर्ष आला: अपघाताने बुडून मृत्यू. ३८ वर्षांनी! पंतप्रधानाच्या घरच्यांना इतकं थांबावं लागलं, तर साध्या घरांचं काय होत असेल, विचार करा. आपल्याकडेही सात वर्षं माणसाची काहीच खबर नसेल तर तो हयात आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. या नियमामागचा विचार तोच आहे: जिवंत असता तर जवळच्यांना एव्हाना कळलं असतं. सात वर्षांची शांतता हा बऱ्यापैकी चांगला ‘शोध’ मानला गेला आहे.

आता हरवलेल्या पिढीकडे

होल्ट ज्या मतदारसंघातून निवडून यायचे त्याचं नाव हिगिन्स. मेलबर्नमधला सुखवस्तू भाग. १९४९ मध्ये तो तयार झाला तेव्हापासून लिबरल पक्षाकडेच होता. (नावावर जाऊ नका, तिकडचा लिबरल हा उजवीकडे झुकणारा पक्ष आहे.) होल्ट गेल्यावर जॉन गॉर्टन तिथूनच निवडून आले, तेही पंतप्रधान झाले. पुढे अर्थमंत्री पीटर कॉस्टेलो यांचाही हाच मतदारसंघ. असा हा किल्ला ७३ वर्षांनी, २०२२ मध्ये, लेबर पक्षाने जिंकला. शेजारच्या कूयाँगमध्ये, म्हणजे लिबरल पक्षाचे संस्थापक रॉबर्ट मेन्झिस यांच्या जुन्या मतदारसंघात, त्याच वर्षी अपक्ष उमेदवार निवडून आली. नंतर पुनर्रचनेत हिगिन्स नकाशावरूनच गेला. २०२५ च्या निवडणुकीत हे नाव नव्हतं.

अशा निकालांची कारणं अनेक असतात. एक कारण वारंवार पुढे येतं: तरुण मतदार. यावर उजव्या पक्षांचं जुनं, जगभर ऐकू येणारं उत्तर असं, की काळजी नको, वय वाढलं, घर झालं, मुलं झाली की हीच पोरं आपल्याकडे येतील.

हे खरं आहे का, हे शोधणं वाटतं तितकं सोपं नाही. आपल्याकडच्या लग्नाचा एक ग्रुप फोटो घ्या. नऊवारी रोजची वाटावी अशी सहज नेसलेल्या बायका बघितल्या तर बहुतेक सगळ्या आजी. यावरून ‘वय वाढलं की बाई नऊवारीकडे वळते’ असं म्हणाल का? नाही. ती त्यांच्या पिढीची सवय. त्याच फोटोत चाळिशी लावलेले लोक बघा. ती मात्र वयाचीच देणगी, पिढी कुठलीही असो. आणि फोटो २०२० चा असेल तर सगळ्यांच्याच तोंडाला मास्क. तो काळाचा परिणाम.

पिढी, वय आणि काळ ही तीन कारणं, आणि एका फोटोतून ती वेगळी करता येत नाहीत. गणिती अडचणही आहे: चालू वर्षातून जन्मवर्ष वजा केलं की वय आपोआप मिळतं, त्यामुळे तीन आकड्यांपैकी दोन ठरले की तिसरा ठरलाच. म्हणून एकाच पिढीचे अनेक वर्षांचे फोटो लागतात.

ऑस्ट्रेलियात ते आहेत. १९८७ पासून तिथे प्रत्येक राष्ट्रीय निवडणुकीनंतर मतदारांचं सर्वेक्षण होतं, ऑस्ट्रेलियन इलेक्शन स्टडी या नावाने. त्यानुसार १९८१ ते १९९६ दरम्यान जन्मलेल्यांपैकी २०१६ मध्ये ३८ टक्क्यांनी लिबरल-नॅशनल युतीला मत दिलं. २०२२ मध्ये तीच पिढी सहा वर्षांनी मोठी झाली, कित्येकांची लग्नं झाली असतील, आणि युतीला मिळाले २५ टक्के. वयाबरोबर उजवीकडे सरकणं सापडलं तर नाहीच, उलट दिशेने पावलं दिसली.

इथे काळाचा वाटा वजा करायला हवा. त्याच सहा वर्षांत युतीची एकूण पहिल्या पसंतीची मतं ४२ वरून साधारण ३६ टक्क्यांवर आली, म्हणजे सगळ्यांमध्ये मिळून सहा गुणांची घट. या पिढीत घट १३ गुणांची. निम्मी काळाच्या खात्यात टाकली तरी निम्मी उरतेच.

पण शोध चांगला होता का?

हा आपला खरा प्रश्न. एक, नमुना: अशा सर्वेक्षणात दोन-अडीच हजार लोक असतात, त्यात एका पिढीचे काहीशेच. पाच-सहा गुणांचा फरक निव्वळ योगायोगानेही दिसू शकतो, १३ चा दिसणं अवघड. दोन, गळती: बहुतेक देशांत तरुण कमी संख्येने मतदान करतात, त्यामुळे मत बदललं की मतदार घरी बसला हे कळत नाही. ऑस्ट्रेलियात १९२४ पासून मतदान सक्तीचं आहे आणि सुमारे ९० टक्के लोक मत देतात, म्हणून ही गळती फार कमी. तीन, कालावधी: सहा वर्षं म्हणजे अर्धवट शोध. ही पिढी पन्नाशीला पोचेल तेव्हाच उरलेला समुद्र धुंडाळून होईल.

म्हणजे ऐंशी टक्क्यांचा शोध नाही, पण धुक्यातलाही नाही. ‘वयानुसार आपोआप सरकतात’ या समजुतीची शक्यता बरीच कमी झाली, शून्य नाही.

कदाचित सरकणं वयामुळे नव्हतंच, घरामुळे होतं. १९७१ मध्ये ३० ते ३४ वयाच्या ऑस्ट्रेलियनांपैकी ६४ टक्के स्वतःच्या घरात राहायचे, २०२१ मध्ये ५० टक्के. वय वाढलं, पण वयाबरोबर जे यायचं ते आलं नाही. हे कारण अजून पक्कं सिद्ध झालेलं नाही, पण दिशा पटण्यासारखी आहे. तसं असेल तर मतदारांची नुसती वाट बघत बसण्याला अर्थ नाही. भाड्याच्या घरात चाळिशी गाठणाऱ्या माणसाला काय हवंय, हे विचारावं लागेल. २०२५ मध्ये युतीच्या वाट्याला १५० पैकी ४३ जागा आल्या.

आपल्याकडे मतदान ऐच्छिक आहे, म्हणून इथे शोध आणखी अवघड. पुढच्या निवडणुकीनंतर ‘तरुणाई अमुक पक्षाकडे वळली’ असा मथळा दिसेल तेव्हा तीन गोष्टी विचारा: हा एकच फोटो आहे की अनेक वर्षांचे? बाकीचे वयोगटही तिकडेच वळले का? आणि मत न दिलेल्यांचा हिशेब कुठे आहे? आणि कुणी म्हणालं, ‘तसं असतं तर दिसलं नसतं का?’, तर शोधलं कसं, ते आधी सांगायला लावा.