राज्यसभेच्या 'मॅडम उपसभापती' : नजमा हेपतुल्ला

राज्यसभेचे सभापती म्हणजे उपराष्ट्रपती. ते नसतील तेव्हा सभागृह सांभाळायचं उपसभापतींनी. नजमा हेपतुल्लांनी हे काम १९८५ मध्ये वर्षभर आणि पुढे १९८८ पासून २००४ पर्यंत केलं! या काळात पंतप्रधान किती बदलले आठवा: राजीव गांधींपासून वाजपेयींपर्यंत. खुर्चीवर मात्र याच बाई. मला त्यांच्या कारकिर्दीतलं हेच पर्व सर्वांत मोठं वाटतं.

जन्म १९४० चा, भोपाळचा. मौलाना आझादांच्या नात्यातल्या. शिक्षण प्राणिशास्त्रात, थेट डॉक्टरेटपर्यंत. आणि आपल्यासाठी खास गोष्ट अशी की १९८० पासून सलग चार वेळा त्या राज्यसभेवर गेल्या त्या महाराष्ट्रातून, काँग्रेसतर्फे. आपल्याकडे हे फारसं कुणाला आठवत नाही, याची खंत वाटते.

१९९९ मध्ये जगभरच्या संसदांच्या संघटनेचं, म्हणजे आंतर-संसदीय संघाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. १८८९ मध्ये स्थापन झालेल्या या संघाला तोवर एकही महिला अध्यक्ष मिळाली नव्हती. एकशे दहा वर्षं!

२००४ मध्ये त्या भाजपमध्ये गेल्या. काहींना ते रुचलं नाही, पण काम थांबलं नाही. २००७ ची उपराष्ट्रपतिपदाची निवडणूक हमीद अन्सारींकडून हरल्या. २०१४ मध्ये मोदी मंत्रिमंडळात अल्पसंख्याक व्यवहार मंत्री झाल्या, तेव्हा वय चौऱ्याहत्तर. त्यानंतर २०१६ मध्ये मणिपूरच्या राज्यपाल.

त्यांच्या काळातली राज्यसभेची चित्रफीत कुठे मिळाली तर जरूर बघा.