महसीर परत आला, पण कोणाच्या घरी?

मुलांनो, सोलापूरला पाणी देणारे उजनी धरण भीमा नदीवर आहे. याच भीमेच्या खोऱ्यात महसीर नावाचा मोठा मासा मूळचा राहणारा आहे. पुण्याजवळच्या मुळा-मुठा नदीतील हा मासा पाहून साइक्स या इंग्रजाने १८३९ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले.

पावसाळ्यात महसीर प्रवाहाविरुद्ध पोहत जातो आणि स्वच्छ, उथळ पाण्यात दगडगोट्यांवर अंडी घालतो. पण धरणांनी त्याची वाट अडवली, सांडपाण्याने नद्या घाण झाल्या. महसीर कमी होऊ लागला.

तेव्हा, १९७० च्या दशकात, टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याला महसीरची पैदास सुरू केली. तेथे मादीची अंडी काढून फलित करतात, वाहत्या पाण्यात उबवतात आणि पिल्ले वाढवून तलावांत व नद्यांत सोडतात.

मात्र हीच पिल्ले दूरच्या कावेरी नदीतही सोडली गेली. तेथे ती फार वाढली आणि कावेरीच्या स्वतःच्या कुबडवाल्या महसीरवर संकट आले. म्हणून मासा ज्या नदीचा, त्याच नदीत सोडावा.

पिल्ले केंद्रात वाढवता येतात. नदी मात्र आपल्यालाच जपावी लागते.