बोटाखालचे शिवार

जालना–भोकरदन रस्त्यावरील केदारखेडा हे भोकरदन तालुक्यातील एका महसूल मंडळाचे गाव आहे, आणि या गावाच्या शिवाराचा नकाशा पाहायचा असेल तर काही वर्षांपूर्वीपर्यंत तलाठ्याचे दप्तर किंवा तालुक्याचे भूमी अभिलेख कार्यालय गाठण्यावाचून गत्यंतर नव्हते. आज ‘महाभूनकाशा’ या शासकीय संकेतस्थळावर जिल्हा, तालुका व गाव निवडून गट क्रमांक टाकला की त्या गटाची आकृती वेगळ्या रंगात उठून दिसते आणि तिला लागून असलेल्या गटांचे क्रमांकही वाचता येतात. वाचणाऱ्याने बोट फिरवले की सरकणारा, चिमटीने लहानमोठा होणारा, एखाद्या जागी टेकताच तिची माहिती उघडणारा असा नकाशा म्हणजे परस्परसंवादी नकाशा होय. तो वाचणे आणि कागदी नकाशा वाचणे या दोन क्रिया वरवर सारख्या वाटल्या तरी त्यांत मोठे अंतर आहे, आणि सामान्य माणसाच्या जमिनीशी, पिकाशी व नुकसानभरपाईशी त्या अंतराचा थेट संबंध येतो.

कागदी नकाशात काय दाखवायचे आणि काय गाळायचे हे काढणाऱ्याने आधीच ठरवलेले असते. फ्रेंच नकाशाशास्त्रज्ञ झाक बर्तँ यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आकार, रंग, छटा, दिशा या दृश्य साधनांचा अर्थ वाचकाला कसा लागतो याची पद्धतशीर मांडणी केली, ती मुख्यतः अशा स्थिर चित्रांना समोर ठेवूनच. संगणकाच्या पडद्यावर मात्र निवडीचा बराच भाग वाचकाच्या हाती जातो. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ बेन श्नायडरमन यांनी १९९६ मध्ये सांगितलेला क्रम या क्षेत्रात आजही प्रमाण मानला जातो: आधी सगळ्याचे विहंगम दर्शन, मग जवळ जाणे आणि नको ते बाजूला सारणे, आणि तपशील मागितला तेव्हाच देणे. २००४ मध्ये सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप, २००५ मधील गूगल मॅप्स आणि इस्रोने २००९ मध्ये आणलेला ‘भुवन’ यांच्यामुळे नकाशा हाताळण्याची ही रीत लोकांच्या अंगवळणी पडली. गटाच्या नकाशाकडे येणारा शेतकरी मात्र हा क्रम बहुधा उलटा चालतो, कारण त्याला विहंगम दर्शन नको असते, आपला गट हवा असतो, आणि तो सापडल्यानंतरच तो आजूबाजूला पाहू लागतो.

माणसाच्या मनात जागेचे चित्र कसे साठते, हा प्रश्न मानसशास्त्राने गेल्या शतकात गांभीर्याने हाताळला. एडवर्ड टोलमन यांनी १९४८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांच्या आधारे मनातल्या नकाशाची कल्पना मांडली; पुढे जॉन ओकीफ यांना १९७१ मध्ये मेंदूत विशिष्ट जागी आल्यावरच जाग्या होणाऱ्या पेशी आढळल्या, आणि त्या संशोधनासाठी त्यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. नगररचनाकार केव्हिन लिंच यांनी १९६० मध्ये दाखवून दिले की रहिवासी आपले शहर वाटा, कडा, विभाग, नाकी आणि ठळक खुणा या पाच गोष्टींच्या आधारे लक्षात ठेवतात. लिंच यांचे निरीक्षण अमेरिकेतील शहरांचे असले तरी ते मराठवाड्यातील शिवाराला सहज लागू पडते, कारण पांदण ही वाट, ओढा व बांध या कडा, गायरान हा विभाग, पांदणीचा फाटा हे नाके आणि विहीर किंवा बांधावरचे लिंबाचे झाड ही खूण असते. खरेदीखतात जमिनीचे वर्णन चतुःसीमेने केले जाते, म्हणजे पूर्वेस कोणाची जमीन, पश्चिमेस कोणाची, दक्षिणेस ओढा, उत्तरेस रस्ता असे, आणि या वर्णनात अक्षांश-रेखांश कोठेही नसतात. जमीन तिच्या शेजारावरून ओळखण्याची ही पद्धत अडाणीपणाची समजणे चूक आहे. ती पिढ्यानपिढ्या व्यवहारात आणि न्यायालयात टिकलेली आहे. आकृतीपेक्षा शेजारच्या गटांचे क्रमांक पाहून आपला गट पटतो, याचे कारणही तेच.

पहिली अडचण दिशेची येते. गाव नकाशा सहसा उत्तर वर धरून काढलेला असतो, तर शेतात उभा असलेला माणूस दक्षिणेकडे तोंड करून उभा असेल तर नकाशावरची उजवी बाजू त्याच्या डाव्या हाताला येते. मार्विन लेव्हिन यांनी १९८२ मध्ये सार्वजनिक ठिकाणच्या ‘आपण येथे आहात’ अशा फलकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि फलकाची मांडणी समोरच्या जागेशी जुळत नसेल तर लोक चुकीच्या दिशेने निघतात हे दाखवले. वाट दाखवणारे मोबाइल नकाशे चालणाऱ्याबरोबर वळतात, त्यामुळे त्यांचा त्रास कमी होतो; जमिनीचे नकाशे सहसा वळत नाहीत. उपग्रहाचे छायाचित्र खाली घातले की हा गुंता बराच सुटतो, कारण झाड, शेततळे आणि गोठ्याचे पत्रे ओळखता येतात व त्यांच्यावरून दिशा आपोआप लागते. नुसत्या रेषांचा नकाशा वाचायला शिकावे लागते, छायाचित्रात मात्र ओळखीच्या खुणा आधीच हजर असतात.

सर्वांत खोल गैरसमज जवळ जाण्याविषयीचा आहे. जालावरील नकाशे चौकोनी तुकड्यांनी बनतात. शून्य क्रमांकाच्या पायरीवर सगळे जग २५६ ठिपके रुंद आणि तितक्याच उंच अशा एका तुकड्यात मावते व विषुववृत्तावर एक ठिपका सुमारे १५६ किलोमीटर जमीन व्यापतो. पुढच्या प्रत्येक पायरीला तुकड्यांची संख्या चौपट होते, आणि १९ क्रमांकाच्या पायरीवर महाराष्ट्राच्या अक्षांशावर एक ठिपका एक फुटापेक्षाही कमी जमीन दाखवतो. एवढे जवळ गेल्यावर दिसणारी रेषा तितकीच अचूक असणार, असे पाहणाऱ्याला वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात ती रेषा कोठून आली हे पाहिले पाहिजे. मराठवाड्यात जमिनीची पद्धतशीर मोजणी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हैदराबाद संस्थानाने मुंबई इलाख्याच्या धर्तीवर केली, आणि राज्यातील जुन्या मोजणीचे मुख्य हत्यार ३३ फुटांची साखळी हे होते. तिच्या लांबीइतकी बाजू असलेला चौरस म्हणजे गुंठा आणि असे ४० गुंठे म्हणजे एकर. एका मैलाला आठ इंच या प्रमाणात, म्हणजे १:७९२० या प्रमाणात काढलेल्या नकाशावर शाईची रेषा अर्धा मिलिमीटर जाड असेल तर ती जमिनीवर सुमारे चार मीटर, म्हणजे तेरा फूट जागा व्यापते. असा कागद स्कॅन करून पडद्यावर कितीही मोठा केला तरी त्यातले अज्ञान कमी होत नाही, ते केवळ अधिक रेखीव दिसते.

त्या रेषेवर आपले स्थान दाखवणारा मोबाइलमधील निळा ठिपका येतो. मोकळ्या आकाशाखाली साध्या मोबाइलचे स्थान साधारणपणे पाच मीटरच्या आत कळते, आणि झाडीत किंवा भिंतीलगत ही चूक वाढते. ठिपक्याभोवतीचे फिकट वर्तुळ हीच अनिश्चितता दाखवण्यासाठी असते, परंतु नजर वर्तुळावर न थांबता ठिपक्यावर थांबते आणि पाहणारा आपण नेमके तेथेच आहोत असे समजतो. बांधाचे भांडण फूट-दोन फुटांचे असते. तेरा फुटांची शंका असलेली रेषा आणि सोळा फुटांची शंका असलेला ठिपका एकमेकांवर ठेवून बांध कोणी कोरला याचा निवाडा करणे शक्य नाही, आणि म्हणूनच हद्दीच्या वादात भूकरमापकाने जागेवर येऊन केलेली मोजणी व तिच्या नकाशाची ‘क’ प्रतच ग्राह्य धरली जाते, पडद्याचे छायाचित्र नाही. भूकरमापकांच्या हाती आता रोव्हर नावाचे उपकरण आले आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाने उभारलेल्या स्थिर संदर्भ स्थानकांच्या मदतीने ते काही सेंटिमीटरांपर्यंत अचूक स्थान देते, परंतु जुना नकाशा त्या स्थानांवर नेमका बसवण्याचे काम उरतेच, आणि तेथे अभिलेख, वहिवाट व जागेवरच्या खुणा यांचा मेळ माणसालाच घालावा लागतो.

याच मर्यादेचा समंजस वापर ‘ई-पीक पाहणी’त दिसतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या या योजनेत शेतकरी स्वतःच्या पिकाची नोंद मोबाइलवरून छायाचित्रासह करतो, आणि २०२२ च्या सुधारित आवृत्तीत गटाच्या मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांश घालण्यात आले, जेणेकरून छायाचित्र त्या बिंदूपासून किती अंतरावर घेतले हे कळावे व ते फार दूरचे असेल तर तशी सूचना मिळावी. गटाची हद्द सिद्ध करण्याचा प्रयत्न येथे नाही. माणूस शेताच्या आसपास आहे की नाही, एवढाच प्रश्न विचारला आहे, आणि पाच-दहा मीटरची चूक त्या प्रश्नाला चालते.

रंगीत नकाशांचे प्रकरण याहून नाजूक आहे. प्रदेशाच्या प्रत्येक विभागाला आकड्यानुसार एकच रंग भरण्याची पद्धत फ्रान्समध्ये शार्ल द्यूपँ यांनी १८२६ मध्ये शिक्षणाच्या प्रसाराचा नकाशा काढताना वापरली, आणि आज पर्जन्यमानापासून निवडणुकीपर्यंत सर्वत्र तीच रूढ आहे. विल्यम क्लीव्हलंड व रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ मध्ये दाखवले की माणूस स्थान आणि लांबी यांची तुलना बऱ्यापैकी अचूक करतो, पण क्षेत्रफळ आणि रंगछटा यांच्या तुलनेत तो बराच चुकतो. महाराष्ट्रात ‘महावेध’ प्रकल्पाखाली प्रत्येक महसूल मंडळात एक स्वयंचलित हवामान केंद्र असावे अशी योजना झाली. मंडळांची संख्या दोन हजारांवर असल्यामुळे एका मंडळाच्या वाट्याला सरासरीने दीडशे चौरस किलोमीटरच्या जवळपास क्षेत्र येते, आणि तेवढ्या क्षेत्राचा पाऊस एका पर्जन्यमापकाच्या वीतभर तोंडात मोजला जातो. नकाशावर मात्र केदारखेडा मंडळ शिवेपासून शिवेपर्यंत एकाच रंगाने भरलेले दिसते.

जून-जुलैतला ढगफुटीसारखा पाऊस एका शिवारात बांध फोडून जातो आणि शेजारच्या शिवारात धूळही बसवत नाही, हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाला तर त्याची नोंद अतिवृष्टी म्हणून होते व मदतीचा विचार त्या नोंदीपासून सुरू होतो. पीकविम्यातही प्रमुख पिकांसाठी महसूल मंडळ हेच विमा क्षेत्र धरले जाते. त्यामुळे एकसारखा भरलेला रंग हा केवळ चित्रकलेचा प्रश्न राहत नाही. केंद्रापासून दूरच्या गावातील शेतकरी नकाशा पाहतो, त्यावर आपल्या गावाला तोच रंग पाहतो, आणि आपल्या डोळ्यांनी पाहिलेला पाऊस खोटा ठरल्याची भावना त्याच्या मनात बसते. त्याची तक्रार रास्त आहे. नकाशाने त्याला निदान एवढे तरी सांगायला हवे की हा आकडा कोणत्या गावच्या केंद्रात मोजला आणि ते केंद्र त्याच्या शेतापासून किती किलोमीटरवर आहे.

शाईच्या रेषेबाबत पाहिलेला प्रमाणाचा घोटाळा नियोजित मार्गांच्या नकाशांतही होतो. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केलेला जालना–जळगाव हा १७४ किलोमीटरचा नवा लोहमार्ग याच परिसरातून भोकरदनकडे जाणार आहे. दहा लाखांस एक या प्रमाणाच्या नकाशावर अशा मार्गाची एक मिलिमीटर जाडीची रेषा जमिनीवर एक किलोमीटर रुंद होते, म्हणून तिच्यावरून कोणाचा गट जातो हे शोधण्यात अर्थ नसतो. ते भूसंपादनाच्या मोजणीतूनच कळते.

नकाशा वाचायला लावण्यापेक्षा लोकांकडून काढवून घेण्याचा मार्ग जालना जिल्ह्याला अपरिचित नाही. कडवंची गावात खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या पुढाकाराने १९९० च्या दशकात पाणलोटाचे काम माथ्यापासून पायथ्याकडे झाले, आणि पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, ज्यात जालना जिल्हा होता, गावाच्या सूक्ष्म नियोजनासाठी शिवारफेरी, म्हणजे गावकऱ्यांसह शिवारात चालत केलेली पाहणी, हा टप्पा ठेवण्यात आला. त्याच प्रकल्पासाठी मुंबईच्या आयआयटीतील अभ्यासकांनी पाऊस, माती, पीक आणि उतार यांवरून गावाचा पाण्याचा ताळेबंद काढणारे साधन तयार केले. उतार दाखवणाऱ्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, नवख्या वाचकाला फार कठीण जातात, पण ओढ्याला कोणत्या बाजूने पाणी येते हे त्याला शिवारफेरीत चालताना सहज दाखवता येते. अशा फेरीनंतर मैदानात रांगोळीने किंवा मातीवर काढलेल्या नकाशात प्रमाण चुकते, अंतरे ताणली जातात, पण कोणती विहीर उन्हाळ्यात आटते आणि पावसाळ्यात कोणत्या पांदणीत बैलगाडी रुतते हे त्यात असते. ही माहिती उपग्रहाला दिसत नाही. पाणी भरणाऱ्या, खुरपायला आणि वेचणीला जाणाऱ्या स्त्रियांकडे ती बरेचदा सर्वाधिक असते, तर सातबाऱ्यावर नाव आणि हातात मोबाइल हे दोन्ही घरातील पुरुषाकडे असण्याची शक्यता अधिक असते. म्हणून मैदानातल्या नकाशाभोवती त्या बसलेल्या असतील तरच पडद्यावरील पाण्याच्या ताळेबंदात आटणाऱ्या विहिरीची नोंद योग्य जागी पडते.