दार लावून पाहायचा सिनेमा

मराठीत लेख लिहायची ही माझी पहिलीच वेळ. शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची बोंब आहे. सांभाळून घ्या!

सबमिशन्स संपली त्या रात्री सीबीडी बेलापूरच्या आमच्या घरी मी एकटाच होतो. कडी लावली, लाईट बंद केले आणि लॅपटॉपवर 'रामन राघव : अ सिटी, अ किलर' लावला. 'अंधाधुन' (2018) बनवणाऱ्या श्रीराम राघवन यांचा हा 1991 चा सिनेमा थिएटरसाठी नव्हे, व्हिडिओसाठी बनवला होता. तेव्हा व्हीसीआरचा जमाना होता. थिएटरच्या प्रिंट्सचा खर्च नसल्यामुळे असा वेगळा विषय कमी पैशात करता यायचा. यात गाणी नाहीत, हीरो नाही. रघुवीर यादव शांतपणे बोलत राहतो आणि तेवढ्यानेच अंगावर काटा येतो.

आता खरी गोष्ट. 1965-66 मध्ये मुंबईच्या पूर्व उपनगरांत रेल्वेलगत झोपलेल्या 19 जणांवर रात्री हल्ले झाले, त्यातले 9 मेले. संशयावरून रामन राघवला पकडलं होतं, पण पुरावा नाही म्हणून सोडावं लागलं. 1968 मध्ये पुन्हा तेच सुरू झालं. जड वस्तूने डोक्यात वार, तोही माणूस झोपेत असताना. तपास रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होता. शेवटी 27 ऑगस्ट 1968 ला सब-इन्स्पेक्टर अ‍ॅलेक्स फियाल्हो यांनी त्याला रस्त्यात ओळखून पकडलं. पुढे त्याने चाळीसएक खून कबूल केले.

मला वाटायचं, कबुली दिली म्हणजे केस संपली. तसं नसतं! 1969 मध्ये सेशन्स कोर्टाने फाशी दिली आणि त्याने अपीलही केलं नाही. पण सेशन्सच्या फाशीला हायकोर्टाची मंजुरी लागतेच. हायकोर्टाने तीन मानसोपचारतज्ज्ञांचं मंडळ नेमलं. त्यांच्या मते त्याला गंभीर मानसिक आजार होता. फाशीची जन्मठेप झाली आणि 1995 मध्ये तो पुण्याच्या ससूनमध्ये किडनीच्या आजाराने वारला.

2016 मध्ये अनुराग कश्यपचा 'रामन राघव 2.0' आला. तो मूळ माणसाची गोष्ट नाही असं सुरुवातीलाच सांगतो. नवाजुद्दीन त्यात जबरदस्त आहे, पण तो पाहताना आपण खुन्याच्याच मागे धावतो. 1991 च्या सिनेमाच्या नावात खुन्याच्या आधी शहर आहे आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं.

आजोबा तेव्हा घाटकोपरच्या चाळीत राहायचे. मी फोन केला तर म्हणाले, "अरे, आम्ही गॅलरीत झोपायचं बंद केलं. उकाड्यात खिडक्यासुद्धा लावून घ्यायचो."

"मग बाहेरचे लोक काय करायचे, आजोबा?"

ते जरा थांबले. "ते कुठे जाणार? बाहेरच झोपायचे."

मग माझी ट्यूब पेटली. त्याला लोक सापडले ते तो फार हुशार होता म्हणून नाही. ज्यांना लावायला दार नव्हतं किंवा होतं ते झोपडीचं, असेच लोक बहुतेक त्याच्या तावडीत सापडले. खुन्याचं नाव अख्ख्या मुंबईला पाठ झालं. मेलेल्यांपैकी एकाचं तरी नाव तुम्हाला माहीत आहे का? मलाही नाही. घरी पाहायचा सिनेमा भीतीदायक असला तरी सेफ असतो, कारण आपल्याला घर असतं.

सिनेमा संपल्यावर पाणी आलंय का बघायला खाली गेलो. पार्किंगमध्ये पुठ्ठा अंथरून वॉचमन काका झोपले होते, डोक्यावरून चादर घेऊन. दोन वर्षं रोज "गुड मॉर्निंग" म्हणतो, पण त्यांचं नाव मला माहीत नव्हतं.

सकाळी विचारलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांच्या केबिनला दार बसवायचा विषय बाबांना काढायला सांगितलाय. बघू या.

सिनेमा जरूर पाहा. कडी लावूनच पाहा. फक्त संपल्यावर एकदा दार उघडून बाहेर बघा.