पूररेषेमागील आधार नोंदविणे अगत्याचे

हैदराबादेतील अफझलगंज ही मुसी नदीकाठची जुनी पेठ होय. २८ सप्टेंबर १९०८ रोजी आलेल्या महापुरात येथील अफझल पूल वाहून गेला आणि शहरातील हजारो माणसे प्राणांस मुकली. पुण्यात अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांस निजाम सरकारने १९०९ साली पाचारण केले. त्यांच्या शिफारशींतूनच पुढे उस्मानसागर (१९२०) व हिमायतसागर (१९२७) हे जलाशय उभे राहिले.

त्या काळी पुराच्या पाण्याचा हिशेब कागदावर मांडला जाई. आज तो संगणकावर होतो. नदीपात्राची मापे, जमिनीचा चढउतार व विसर्ग हे आकडे आज्ञावलीत, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये, भरले की पाणी कोठवर चढेल याचे प्रतिरूप मिळते. महाराष्ट्रात सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा व शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची तांबडी रेषा आखण्यात येते. कोणाचे घर वा शाळा रेषेच्या आत येते, यावर तेथील बांधकामाचे भवितव्य ठरते. म्हणून ‘संगणकाच्या साहाय्याने आखणी केली’ एवढा उल्लेख अहवालात पुरेसा नाही.

काय नोंदवावे?

पहिली नोंद आज्ञावलीचे नाव, कर्ता व आवृत्ती यांची. अमेरिकी सैन्याच्या अभियंता दलाची ‘हेक-रास’ ही आज्ञावली १९९५ साली प्रसिद्ध झाली. तीत प्रवाहाचा विचार केवळ पात्राच्या लांबीने होत असे. पाणी आडवे कसे पसरते, हे दाखविण्याची सोय २०१६ च्या ५.० या आवृत्तीत आली. आवृत्ती न सांगितल्यास यांपैकी कोणती रीत वापरली, हे वाचकास कळत नाही.

दुसरी नोंद सूत्र व गुणांक यांची. मॅनिंग यांच्या सूत्रात पात्राच्या खडबडीतपणाचा गुणांक लागतो. व्हेन ते चाऊ यांच्या १९५९ च्या ग्रंथातील कोष्टकात स्वच्छ, सरळ नैसर्गिक पात्रास सामान्यतः ०.०३०, तर तणाने दाटलेल्या पात्रास ०.१०० असा गुणांक दिला आहे. खोली व उतार तेच असता, दुसऱ्या गुणांकाने वेग एक-तृतीयांशाहूनही कमी येतो. साहजिकच तेवढेच पाणी वाहून जाण्यास पातळी अधिक चढावी लागते व रेषा सरकते. गुणांक कोणी, कोठून घेतला, हे म्हणूनच लिहावे.

तिसरी नोंद आकड्यांची. पाऊस कोणत्या केंद्राचा व कोणत्या वर्षांचा, जमिनीची उंची प्रत्यक्ष मोजणीची की उपग्रहाची, आणि मोजणी केव्हाची, हे स्पष्ट असावे.

श्रेय आणि पडताळणी

ग्रंथाप्रमाणेच आज्ञावलीचाही संदर्भ द्यावा, अशी तत्त्वे शास्त्रज्ञांनी २०१६ साली मांडली. अशा नोंदीने मूळ कर्त्यास श्रेय मिळते आणि दुसऱ्या अभियंत्यास तेच गणित पुन्हा करून पाहता येते. १८९१ साली स्थापन झालेले व आज अफझलगंजात असलेले राज्य मध्यवर्ती ग्रंथालय असो वा गावची लहानशी शाळा असो, पुस्तकाचा कर्ता, आवृत्ती व वर्ष सांगण्याची शिस्त शिक्षक विद्यार्थ्यांस लावतातच. तीच येथे लागू करावयाची आहे.

अधिकाऱ्यांनी या तीन नोंदी प्रत्येक अहवालास जोडाव्यात. ग्रामस्थांनीही रेषेविषयी हरकत घेताना त्या आवर्जून मागाव्यात. आधार ठाऊक असला, तरच रेषेची चूक दाखविता येते आणि बरोबर रेषेवर विश्वासही ठेवता येतो.