पाणफुगवट्यावरचे पक्षी

मराठवाड्यात हिवाळ्यातले पक्षी पाहायचे तर धरणाची भिंत गाठून भागत नाही. भिंतीपाशी पाणी खोल असते. चिखलात चोच खुपसणारे आणि उथळ पाण्यात चरणारे पक्षी असतात दुसऱ्या टोकाला, फुगवट्यावर, जिथे पाणी ओसरून ओला गाळ उघडा पडतो. तिकडे एसटी क्वचितच जाते आणि उजाडायच्या वेळेला तर नाहीच. त्यामुळे चाकूर, अहमदपूर किंवा लातूरहून निघणाऱ्यांना गाडी करावी लागते.

पहिले पाहुणे मात्र शिवारातच भेटतात. मध्य आशिया आणि पूर्व युरोपातून येणाऱ्या भोरड्या पावसाळा सरण्याआधीच दाखल होतात आणि ज्वारी दाण्यात आली की तिच्यावर थव्याने उतरतात. मचाणावर उभा राहून गोफण फिरवणाऱ्याला त्यांचे कौतुक नसते, आणि ते साहजिक आहे. तरी याच भोरड्या टोळ आणि नाकतोडेही फस्त करतात. पडीक माळांवर जमिनीलगत संथ तरंगत जाणारा भोवत्याही उत्तरेकडूनच आलेला शिकारी पक्षी.

चाकूर लातूर-नांदेड रस्त्यावर असल्यामुळे गोदावरीवरचे विष्णुपुरी आणि मांजरेवरचे धनेगाव एकेका दिवसात होते. पैठणचा नाथसागर किंवा उजनीचा भिगवणकडचा फुगवटा गाठायला पाच-सहा तास लागतात, म्हणजे मुक्काम आलाच. नाथसागर हा जायकवाडी धरणाचा जलाशय. या धरणाची पायाभरणी 1965 साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, 1976 मध्ये त्याचे उद्घाटन झाले आणि 1986 मध्ये जलाशय पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. दुष्काळी मुलखासाठी अडवलेले पाणी दहा वर्षांत पक्ष्यांच्या नावावर चढले! इथे थापट्या, तलवार बदक, चक्रवाक यांच्याबरोबर मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंस दिसू शकतात. डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्यांमुळे ते लांबूनही ओळखता येतात. करकोचे रात्री उथळ पाण्यात उभे राहतात आणि दिवसा शेतांत चरतात. म्हणून त्यांना पाहायला पहाटेच पोचलेले बरे.

निघण्यापूर्वी धरणातल्या पाणीसाठ्याची चौकशी करावी. धरण काठोकाठ भरलेले असेल तर गाळ पाण्याखाली राहतो आणि चिखलपक्षी उशिरा जमतात. सिंचनासाठी पाणी सुटू लागले की काठ मागे सरकतो, गाळपेरीची पिके उभी राहतात आणि पक्षीही पाण्यामागोमाग सरकतात. डिसेंबरातली जागा फेब्रुवारीत कोरडी सापडू शकते. मांजरा धरण आटल्यावर एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा वर्षी धनेगावच्या नेहमीच्या जागेवर विसंबण्यात अर्थ नसतो.

गाडी ठरवताना किलोमीटरचा दर, दिवसाचे किमान अंतर, चालकाचा भत्ता आणि मुक्कामाचा खर्च आधीच बोलून घेतात. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे असलेली गाडी भाड्याची. स्वतः चालवायला मिळणाऱ्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी. फुगवट्याकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेवर उंच बांधणीची गाडी सोयीची. पण काळ्या मातीत अवकाळी पाऊस झाला असेल तर तीही रुतते, तेव्हा डांबरी सोडू नये. गाडीपेक्षा चालक कसा आहे हे जास्त महत्त्वाचे. वाटेत दहादा थांबायला न कुरकुरणारा आणि हॉर्नवरचा हात आवरणारा चालक मिळाला की निम्मे काम झाले.

गाडी हाच उत्तम आडोसा असतो. पायी येणाऱ्या माणसाला पाहून उडणारा थवा थांबलेल्या गाडीकडे बऱ्याचदा दुर्लक्ष करतो. इंजिन बंद करावे, दार न उघडता काच खाली घ्यावी आणि वाळूची किंवा धान्याची छोटी पिशवी दारावर ठेवून तिच्यावर दुर्बीण टेकवावी. आठपट मोठे दाखवणारी दुर्बीण पुरते. त्याहून जास्त शक्तीची हातात थरथरते. नावांसाठी मारुती चितमपल्लींचा 'पक्षीकोश' घरी चाळून ठेवावा, कारण एकाच पक्ष्याला गावोगाव वेगळे नाव असते.

भिगवणला गाडी काठाशी सोडून मच्छीमारांच्या होडीतून पुढे जावे लागते. मार्चनंतर बदके आणि करकोचे उत्तरेला परततात. रोहित (फ्लेमिंगो) मात्र पाणी उतरेल तसे उजनीच्या उथळ भागात टिकून राहतात, आणि ऐन उन्हाळ्यातही दिसतात.