सुई घेण्याआधी : गुडघेदुखीवरचे संशोधन काय सांगते?

"ताई, डॉक्टर म्हणाले गुडघ्यात गॅप आलाय, वंगण संपलंय. तीन सुया घेतल्या की वंगण परत येतं म्हणे. बचत गटातून कर्ज उचलू का?"

धुणीभांड्याची चार घरे करणाऱ्या एक मावशी एक्स-रेचा लिफाफा घेऊन माझ्या दारात उभ्या होत्या. वस्तीत मोफत गुडघे तपासणी शिबिर झाले होते. तपासणी मोफत होती, पण सुयांचे पॅकेज मात्र मावशींच्या तीन महिन्यांच्या पगाराइतके होते. मी म्हटले, "मावशी, कर्ज आठ दिवस थांबवा. आधी बसून बोलू."

त्या दिवशी मावशींना जे सांगितले, तेच आज या पानावर लिहिते आहे. कारण असा लिफाफा आपल्या जवळजवळ प्रत्येक गल्लीत कुणाच्या तरी घरी आहे.

गुडघ्यात नेमके काय होते?

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड जिथे भेटतात, तिथे दोन्हींच्या टोकांवर गुळगुळीत, चिवट आवरण असते. त्याला कूर्चा म्हणतात. हे आवरण झिजते, हाडाच्या कडा वाढतात, आतला पडदा सुजतो आणि आजूबाजूचे स्नायू कमजोर होतात. या सगळ्याला मिळून ऑस्टिओआर्थरायटिस म्हणतात. म्हणजे फक्त "वंगण संपले" असे नसते, पूर्ण सांधाच आजारी असतो.

एक्स-रेमध्ये दोन हाडांमधली जागा कमी दिसते, तिलाच लोक "गॅप" म्हणतात. पण कूर्चेत दुखणे जाणवणाऱ्या नसाच नसतात. म्हणून एक्स-रे खराब असूनही न दुखणारी माणसे असतात आणि एक्स-रे बरा असूनही कण्हणारी माणसे असतात. इंग्लंडच्या 'नाइस' या सरकारी संस्थेने 2022 साली डॉक्टरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. वय 45 किंवा जास्त, हालचालीने वाढणारे दुखणे, आणि सकाळचा ताठरपणा नसणे किंवा अर्ध्या तासात जाणे, एवढ्यावरून निदान करता येते, प्रत्येकाचा एक्स-रे काढायची गरज नाही, असे त्यात म्हटले आहे. तेव्हा एक्स-रे पाहून घाबरू नका आणि नुसत्या एक्स-रेवरून कर्जही काढू नका.

कोणाचे गुडघे आधी झिजतात?

हे श्रीमंतांचे दुखणे नाही. 1996 मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी केली. शंभरातल्या सुमारे 18 जणांना हाडा-सांध्यांचे काही ना काही दुखणे होते आणि सुमारे 6 जणांना ऑस्टिओआर्थरायटिस होता.

चीनमधल्या बीजिंग शहरात वयस्कर लोकांना विचारले गेले की, पंचविशीत असताना तुम्ही रोज किती वेळ उकिडवे बसत होता? रोज तीन तासांपेक्षा जास्त बसणाऱ्यांमध्ये, अर्धा तासही न बसणाऱ्यांच्या तुलनेत, गुडघ्याची झीज सुमारे दुप्पट आढळली. उकिडवे बसण्याबरोबर वजन उचलणेही आले की धोका आणखी वाढतो.

आता आपल्या बायांचा दिवस डोळ्यांसमोर आणा. मोरीवर धुणे, उकिडवे बसून लादी पुसणे, कचरा वेचणे, बांधकामावर घमेले, नळावरून हंडे आणि चार मजल्यांचे जिने. "वय झालं" असे म्हणून आपण गप्प बसतो. वयाचा वाटा असतोच, पण कामाचाही वाटा असतो, हे विसरू नये.

खोट्या शस्त्रक्रियेने दाखवलेले सत्य

दुर्बिणीतून गुडघा धुऊन, आतला खडबडीतपणा घासून काढण्याची शस्त्रक्रिया अनेक वर्षे जगभर चालू होती. रुग्ण सांगत, बरे वाटते. पण ते शस्त्रक्रियेने वाटते की विश्वासाने?

अमेरिकेत हूस्टन इथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात 180 रुग्णांचे तीन गट केले गेले. कोण कुठल्या गटात, हे चिठ्ठी टाकावी तसे ठरले. एका गटाचा गुडघा नुसता धुतला, दुसऱ्याचा धुऊन घासला. तिसऱ्या गटाला गुंगी देऊन कातडीवर फक्त छेद दिले. डॉक्टरांनी हत्यारे मागितली, पाण्याचा आवाजही केला, पण सांध्यात काहीच केले नाही. अशी खोटी शस्त्रक्रिया आपल्या वाट्याला येऊ शकते, हे सगळ्यांना आधीच सांगितले होते आणि त्यांची लेखी संमती घेतली होती. दोन वर्षे पाठपुरावा झाला. 2002 मध्ये निकाल छापून आला. खऱ्या शस्त्रक्रियेचे रुग्ण खोट्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांपेक्षा जराही जास्त बरे नव्हते.

2008 मध्ये कॅनडातल्या 178 रुग्णांवरच्या अभ्यासातही हेच दिसले. व्यायाम आणि औषधे घेणाऱ्यांपेक्षा, त्याच्या जोडीला दुर्बिणीची शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांना दोन वर्षांनंतर वेगळा फायदा नव्हता. म्हणून निव्वळ झिजेसाठी कोणी "गुडघा धुऊन देतो" म्हणाले, तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्या.

सुया आणि गोळ्यांचा हिशोब

*वंगणाची सुई* (हायल्युरोनिक ॲसिड) : 2022 मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात 169 चाचण्यांचा आणि 21 हजारांहून अधिक रुग्णांचा एकत्र हिशोब छापला गेला. खोट्या सुईच्या तुलनेत फायदा इतका किरकोळ निघाला की रुग्णाच्या रोजच्या जगण्यात तो जाणवू नये. गंभीर त्रासाचे प्रमाण मात्र जास्त होते. मावशींना सांगितलेली सुई हीच.

*स्वतःच्या रक्ताची सुई* (पीआरपी) : ऑस्ट्रेलियात 288 जणांपैकी निम्म्यांना पीआरपी आणि निम्म्यांना साधे सलाइन दिले. वर्षभराने दुखण्यात आणि कूर्चेत, दोन्ही गटांत म्हणावा असा फरक नव्हता. हा निकाल 2021 चा.

*स्टेरॉइडची सुई* : हिने काही आठवडे आराम पडतो, हे खरे. पण 140 रुग्णांना दर तीन महिन्यांनी, अशी दोन वर्षे सुई देऊन पाहिली, तेव्हा सलाइनच्या तुलनेत दुखणे कमी झाले नाही, उलट कूर्चा जास्त पातळ झाली. हा अभ्यास 2017 मध्ये छापला. एखादी सुई अडीनडीला घ्या, पण तिची सवय लावून घेऊ नका.

*ग्लुकोसामाइनच्या गोळ्या* : अमेरिकेत 1583 रुग्णांवर 24 आठवडे चाचणी झाली आणि 2006 मध्ये निकाल आला. ग्लुकोसामाइन घेणाऱ्या शंभरातल्या 64 जणांचे दुखणे निदान पाचव्या हिश्श्याने कमी झाले. ऐकायला छान वाटते. पण औषध नसलेली, नुसती दिसायला सारखी गोळी घेणाऱ्या शंभरातल्या 60 जणांचेही तसेच झाले! "शेजारणीला गुण आला" एवढ्यावर विश्वास का ठेवू नये, ते इथे कळते. दुखणे आपोआपही कमी-जास्त होते आणि आशेनेही हलके वाटते.

*दुखणे थांबवणाऱ्या गोळ्या* : डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मेडिकलवरून आणून महिनोन्‌महिने खाल्ल्या जातात. पोटात अल्सर होणे, बीपी वाढणे, किडनी निकामी होणे ही त्याची किंमत आहे. आधी याच औषधाचे मलम लावून पाहा. गोळी लागलीच तर डॉक्टरांना विचारून, कमीत कमी दिवस आणि जेवणानंतर घ्या. बीपी, शुगर, किडनीचा त्रास असेल तर न विचारता घेऊच नका.

*नाव नसलेल्या पुड्या* : चार दिवसांत जादूसारखा आराम पडला तर संशय घ्या. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडते. चेहरा सुजतो, शुगर वाढते, हाडे ठिसूळ होतात. बरेच दिवस घेत असाल तर एकदम बंद करू नका. पुडी घेऊन सरकारी दवाखान्यात जा.

मग उपयोग कशाचा होतो?

व्यायामाचा. ज्या उपायाचे पॅकेज विकता येत नाही, त्याच्या बाजूने पुरावा भक्कम आहे. 2020 मध्ये छापलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात 156 रुग्णांपैकी निम्म्यांना स्टेरॉइडची सुई आणि निम्म्यांना फिजिओथेरपी दिली होती. वर्षअखेरीस व्यायामवाल्यांचे दुखणे कमी होते आणि हालचाल चांगली होती.

दुसरी गोष्ट वजनाची. वजन एक किलो कमी झाले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे मोजमाप झाले आहे. हे जाड माणसांसाठी आहे. अंगात रक्त नसलेल्या, बारीक बायांनी उपास करू नयेत. त्यांना डाळ, अंडी, शेंगदाणे आणि स्नायूंना बळ हवे.

घरी करायचे चार व्यायाम

1. पाय लांब करून बसा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा. ती खाली दाबा, पाच आकडे मोजा, सोडा. दहा वेळा.

2. पाठीवर झोपा. एक गुडघा वाकवा, दुसरा पाय ताठ ठेवून वीतभर उचला, पाच आकडे धरा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा.

3. खुर्चीवर बसून एक पाय समोर सरळ करा, पाच आकडे धरा, हळू खाली आणा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा.

4. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून उठा, बसा. आधी हातांचा आधार घ्या, मग जमेल तसा सोडा. पाच वेळांपासून सुरुवात करा.

सुरुवातीला थोडे दुखेल. ते 24 तासांत पूर्ववत झाले तर काळजी नाही. नाही झाले तर पुढच्या वेळी कमी करा, पण बंद करू नका. फरक दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. डेन्मार्कमध्ये 2013 पासून असे वर्ग गटाने घेतले जातात, आठवड्यातून दोनदा. आपल्या विहारात संध्याकाळी तशीच जागा असते. तिथे भिंतीलगत चार खुर्च्याही ठेवाव्यात. खाली बसता येत नाही म्हणून कितीतरी आज्यांनी वंदनेला येणे सोडले आहे, आणि लाजेने त्या कारण सांगत नाहीत.

गुडघा बदलायचा कधी?

रात्री झोप येत नाही, घरातल्या घरात चालणे कठीण, आणि मनापासून केलेल्या व्यायामानेही भागले नाही, तर. डेन्मार्कमध्ये 100 रुग्णांवर झालेल्या 2015 च्या अभ्यासात गुडघा बदललेल्यांना नुसत्या व्यायाम-औषधांपेक्षा जास्त आराम मिळाला. मात्र गंभीर गुंतागुंतही त्यांच्यातच जास्त होती, आणि शस्त्रक्रियेविना ठेवलेल्या 50 पैकी फक्त 13 जणांनी वर्षभरात ती करून घेतली. म्हणजे शस्त्रक्रिया चांगली आहे, पण घाई नको.

ऑगस्ट 2017 मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. सर्वांत जास्त वापरला जाणारा, सुमारे दीड लाखाचा सांधा 54,720 रुपये अधिक जीएसटी इतक्यावर आला. म्हणून बिलात इम्प्लांटची किंमत वेगळी लिहून मागा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपले काय बसते, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

हे दिसले तर थांबू नका

गुडघा लाल, गरम होऊन ताप आला. पडल्यावर पाय टेकवत नाही. गुडघा अडकून सरळ होत नाही. पोटरी अचानक सुजली. किंवा सकाळी तासभर हाताची बोटेही आखडतात, तर हे वेगळे आजार असू शकतात. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. फक्त बोटे आखडत असतील तर त्या आठवड्यात दाखवा.

आणखी एक. वर सांगितलेल्या चाचण्या बहुतेक खुर्ची-कमोडवर बसणाऱ्या लोकांवर झालेल्या आहेत. आपल्यासारख्यांवर संशोधन व्हायलाच हवे. उद्या कोणी चाचणीसाठी विचारायला आले तर संमतिपत्र मराठीत मागा, घरी नेऊन वाचा, चाचणीचा सरकारी नोंदणी क्रमांक विचारा, आणि मधेच बाहेर पडण्याचा हक्क आपला आहे हे लक्षात ठेवा.

मावशींनी कर्ज काढले नाही. चार महिने झाले, व्यायाम चालू आहे. दुखणे गेलेले नाही, पण जिना आता एकेक पाऊल थांबून चढावा लागत नाही. त्यांनी चारही घरी लांब दांड्याचा पोछा मागितला. दोन घरांनी आणून दिला. उरलेल्या दोन घरी अजून उकिडवे बसून लादी पुसावी लागते. तिथे मागणे आम्ही सोडलेले नाही.